‘पत्रास कारण की’ ते ‘सहज केलता’

(मुरगूड येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी आम्हाला जो कागद दिला, त्यावर विषय असा लिहिला होता: ‘टेलिफोनमुळे माणसे जवळ आली की दूर गेली?’ हा विषय ओळखीचा वाटतो. शाळेत वक्तृत्व स्पर्धेला ‘विज्ञान : शाप की वरदान’ असायचा, त्याचाच हा धाकटा भाऊ. दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं बोलता येतं आणि शेवटी ‘ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असं म्हणून टाळ्या घेऊन खाली बसता येतं. (हशा)

आमची तक्रार या प्रश्नाबद्दलच आहे. ‘माणसं जवळ आली की दूर गेली’ असं विचारताना, आधी कोण कुणाच्या किती जवळ होतं हे आपण गृहीत धरतो. फोन यायच्या आधी सगळे एकमेकांशी पोटभर बोलत होते, लांबच्यांना लांबलचक पत्रं लिहीत होते, आणि मग हे यंत्र आलं आणि सगळं बिघडलं, असं एक चित्र मनात असतं. दिवाळी अंकांतून हरवलेल्या पत्रांवर किती लेख आले असतील त्याची गणती नाही. पोस्टमनची सायकल, निळं अंतर्देशीय, ओळखीचं अक्षर. लेख चांगले असतात, वाचताना आमचाही गळा भरून येतो. पण ते लिहितो कोण? ज्याला पत्र लिहिता येत होतं तो. ज्यांना येत नव्हतं त्यांच्या बाजूनं हा हिशेब मांडलेला आम्ही फारसा वाचलेला नाही. आज तो जमेल तसा मांडायचा प्रयत्न आहे.

सुरुवात पत्रापासूनच करू.

आपल्या देशात पोस्टकार्ड आलं १८७९ साली. स्वस्त, उघडं, कुणीही वाचावं असं. पण लिहायला अक्षरं यावी लागतात. १९६१ च्या जनगणनेत सगळ्या देशात साक्षर बायकांचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांपैकी बहुतेकींची पत्रं दुसऱ्यानं लिहिलेली आणि दुसऱ्यानं वाचलेली. लिहिणारा कोण, तर मास्तर, पोस्टमन, नाहीतर चौथी-पाचवीतला नातू. आम्ही स्वतः हे काम केलेलं आहे. गल्लीतल्या आज्या कार्ड घेऊन यायच्या, उंबऱ्यात बसायच्या आणि म्हणायच्या, ‘लिव्ह, बरं हाय म्हणावं.’ आम्ही काय लिहायचो? ‘तीर्थरूप’ नाहीतर ‘चिरंजीव’, मग ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, मग ‘पत्रास कारण की’. पुढं ‘इकडील सर्व क्षेमकुशल असून तुमचे क्षेमकुशल कळवीत जावे’. निम्मं कार्ड इथंच संपायचं. मग म्हातारी पाच मिनिटं सुनेबद्दल, म्हशीबद्दल, गुडघ्याबद्दल बोलायची आणि आम्ही त्याचं एक वाक्य करायचो: ‘बाकी सर्व ठीक.’ (हशा) हसू नका. ती काय बोलली ते मुंबईला गेलंच नाही. गेलं ते आमचं पाठ्यपुस्तकातलं मराठी.

पत्राचा मायना हा नुसता शिष्टाचार नव्हता, हेही ध्यानात घ्या. ‘ती. स्व.’, ‘रा. रा.’, ‘चि.’, ‘सौ.’, ‘गं. भा.’ ही अक्षरं नावाच्या आधी यायची. कोण थोरला, कोण धाकटा, कुणाचा नवरा आहे, कुणाचा गेला, हे आधी ठरायचं आणि मग बोलणं सुरू व्हायचं. विधवा बाईला पत्र आलं की पाकिटावरच लिहिलेलं असायचं की ती विधवा आहे. पत्राच्या आठवणी काढणाऱ्यांनी ही अक्षरंही आठवावीत.

आपल्या भागातून लष्करात जाणारी पोरं पुष्कळ. त्यांचा पत्ता असायचा ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. गाव नाही, जिल्हा नाही. पोरगा कुठं आहे हे आईला माहीत नसायचं, फक्त पत्र पोचतं एवढं माहीत. दुसरी पोरं मुंबईला, गिरणीत. ती मनिऑर्डर करायची, आणि त्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार शब्द लिहायला जागा असायची. ‘पैसे मिळाल्याचे कळवावे. तब्येतीस जपणे.’ आमच्या ओळखीच्या एका घरात असे तुकडे बाडात बांधून ठेवलेले होते. सगळ्यांवर जवळजवळ तेच वाक्य. नवरा-बायकोचा वीस वर्षांचा पत्रव्यवहार म्हणजे ते बाड.

आता टेलिफोन. जगाचा इतिहास फार सांगत नाही, तो तुम्हाला मोबाइलवरच सापडेल. १८७६ साली ग्रॅहॅम बेल यांनी शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला तारेवरून हाक मारली, आणि सहाच वर्षांनी, १८८२ मध्ये, मुंबईत एक्स्चेंज सुरू झालं. मुंबई-कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांना आणि साहेबांना फोन अगदी लवकर मिळाला. वेदगंगेकाठी यायला मात्र त्याला फार वर्षं लागली. आला तेव्हाही तो माणसाकडं आला नाही, हुद्द्याकडं आला. दवाखाना, पोलीस ठाणं, साखर कारखाना, एखादा आडत दुकानदार, एखादे पुढारी. नंबर मागितला तर वर्षानुवर्षं यादीत. खासदारांच्या कोट्यातून फोन मिळाला म्हणून पेढे वाटलेले आम्हाला आठवतात.

तेव्हा लांबचं बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल. आधी बुक करायचा, मग वाट बघत बसायची. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा तीन जाती. लाइटनिंग म्हणजे विजेसारखा, आणि त्याचा दरही विजेसारखाच अंगावर येणारा. ‘पी. पी. कॉल’ म्हणजे ठरावीक माणूसच बोलायला पाहिजे असा. तीन मिनिटं झाली की मधूनच ऑपरेटरचा आवाज. अशा कॉलवर कोण सहज बोलेल? ट्रंक कॉल आला म्हणजे कुणीतरी गेलं, नाहीतर जायच्या वाटेवर आहे. तारेसारखंच. तार पण शब्दावर पैसे मोजून यायची आणि ती आली म्हटलं की घरात चूल पेटायची नाही, उघडून वाचायच्या आधीच. ती तार बंद झाली २०१३ च्या जुलैत, तेव्हाही हळहळीचे लेख आले. तारेला घाबरून रडलेल्या बायकांनी काही लेख लिहिले नाहीत.

मग ‘पी. पी.’चा अर्थ बदलला. लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर नंबर असायचा आणि पुढं कंसात ‘पी. पी.’. म्हणजे फोन आमचा नाही, शेजाऱ्याचा आहे, हाक मारा. आमच्या गल्लीत किराणा दुकानात फोन होता. फोन आला की दुकानदार सांगायचा, ‘धा मिनिटांनी परत लावा,’ आणि पोरगं पळत सुटायचं, ‘काकी, पुण्यास्नं फोन आलाय!’ काकी पदर सावरत, हातातलं पीठ झाडत यायच्या. पाठोपाठ शेजारच्या दोघी. दुकानात गूळ घ्यायला आलेली चार माणसं आधीच उभी. काकी बोलणार काय? ‘व्हय. बरं हाय. तू? बरं. व्हय व्हय.’ पत्रात मास्तरचं मराठी आडवं यायचं, इथं गुळाचं गिऱ्हाईक.

याच काळात आपल्या शेजारी एक मोठी गोष्ट घडली, तिच्याकडं आपलं लक्ष नसतं. निपाणीवरून बेळगाव ओलांडून धारवाडकडं निघालं की कित्तूर लागतं. राणी चन्नम्मांचं कित्तूर. १९८६ साली तिथं १२८ लायनींचं एक छोटं एक्स्चेंज बसवलं. सी-डॉट ही संस्था १९८४ मध्ये सुरू झाली होती, सॅम पित्रोदा तिचे एक मुख्य माणूस. परदेशी एक्स्चेंजला गार खोली लागायची, धूळ चालायची नाही. कित्तूरच्या यंत्राला एसी लागत नव्हता. धूळ, उकाडा, विजेचा लपंडाव, सगळं धरून ते केलेलं होतं. तशी यंत्रं मग गावोगाव गेली, आणि त्यामागोमाग पिवळे बोर्ड आले: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. दिल्ली-मुंबईत मोबाइल आला त्याची तारीख सगळ्यांना पाठ, पण खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीनं पाहिलं तर कित्तूर मोठं, असं आमचं मत आहे.

स्टँडसमोरचा बूथ तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना आठवेल. काचेची खोली, आत पंखा नाही, समोर लाल आकड्यांचं मीटर. रात्री दर उतरायचा, उशिरा तर पाव व्हायचा, म्हणून जेवणं झाल्यावर रांग. आत माणूस बोलतोय आणि त्याची नजर मीटरवर. तिथं आपल्याकडं एक नवीनच शैली तयार झाली: आधी महत्त्वाचं बोलायचं. आपल्याकडं बोलणं कधी असं सुरू होत नाही. पाहुणा आला की पाणी, मग गूळ नाहीतर चहा, पीकपाणी, पाऊस, आणि उठता उठता म्हणायचं, ‘ते जरा पैशाचं काम होतं.’ मीटरनं ही रीत उलटी केली. पैशाचं पहिल्यांदा, पाऊसपाणी उरलं तर. नाती कोरडी झाली म्हणतात ती इथं थोडी झाली असतील. पण तो दोष दराचा होता. दर पडले तसा पाऊस बोलण्यात परत आला.

आपण सीमेवरची माणसं. इथून निपाणी हाकेच्या अंतरावर. सोयरिकी तिकडं, तंबाखू तिकडं, बाजार तिकडं. पण आपला कोड ०२३२५ आणि निपाणीचा ०८३३८. राज्य दुसरं, सर्कल दुसरं. पुढं मोबाइल आला तेव्हा तर बहिणीच्या घरी निपाणीला गेलं की फोन म्हणायचा तुम्ही रोमिंगमध्ये आहात. सीमाप्रश्नावर एवढी भाषणं झाली, पण सीमा खिशातनं पैसे काढते हे पुष्कळांना पहिल्यांदा मोबाइलनं शिकवलं.

आता थोडं भाषेकडं वळू, कारण बदल नीट कळतो तो तिथं.

इंग्रजीतला ‘हॅलो’ आपण तसाच घेतला. ‘दूरध्वनी’ शब्द झाला, तो सावरकरांच्या नावावर सांगतात. पण तो कचेरीतच राहिला. बोलण्यात फोनच. क्रियापदं मात्र आपली. आपण फोन ‘लावतो’, जसं भात लावतो. तो ‘लागतो’ किंवा ‘लागत नाही’. आला की ‘उचलतो’, संपला की ‘ठेवतो’. आता ठेवायला काही नाही, बोट काचेवर टेकवायचं एवढंच, तरी ‘ठेवतो’ म्हणतो. हे ‘ठेवतो’ आम्हाला फार आवडतं. मराठी माणूस निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, अशुभ वाटतं. ‘येतो’ म्हणतो. फोनवर ‘येतो’ म्हणता येईना, ‘जातो’ तर नकोच. मग काय म्हणायचं? ‘ठेवू?’ म्हणजे परवानगी मागायची. समोरचा म्हणतो, ‘बरं, ठेव.’ आणि मग दोघंही ठेवत नाहीत, आणखी पाच मिनिटं बोलतात. (हशा) उंबऱ्यात उभं राहून अर्धा तास बोलायची आपली सवय फोननं मोडली नाही. तिला नवा शब्द दिला.

दुसरा बदल पहिल्या प्रश्नाचा. घरात लँडलाइन असताना पहिला प्रश्न असायचा, ‘कोण बोलतंय?’ फोन कुठं वाजतोय ते ठरलेलं, माणूस कोण ते कळत नसायचं. आता पडद्यावर नाव येतं. म्हणून पहिला प्रश्न, ‘कुठं हाईस?’ आणि आपलं पहिलं उत्तर बहुतेक वेळा खोटं. ‘आलोच बघ, कागलात हाय’, आणि माणूस अजून घरात चप्पल शोधतोय. लष्करातल्या पोराच्या आईचा तर हाच प्रश्न, आणि त्याला उत्तर द्यायची मुभा नसते. ५६ एपीओच्या काळी ती विचारू शकत नव्हती. आता रोज विचारते आणि पोरगा रोज म्हणतो, ‘हाय की, हितंच.’ तिला कळतं की सांगता येत नाही. तरी विचारते. हे बोलणं ‘माहितीची देवाणघेवाण’ या सदरात बसत नाही. पण त्याला पोकळ म्हणणारा माणूस आम्हाला भेटायचा आहे.

आणि आता आमचा मुख्य मुद्दा. कागलचे आनंद यादव यांनी या तालुक्याची बोली छापील पुस्तकात आणली. ‘झोंबी’ १९८७ ची. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, सगळ्या महाराष्ट्रानं ती भाषा वाचली. साहित्यात हे व्हायला एवढा मोठा लेखक लागला. पण रोजच्या व्यवहारात बोलीला गावाबाहेर नेलं ते फोननं. त्याआधी आपली बोली वेशीपर्यंतच जायची. पुढं जायचं तर तिला कागदावर चढावं लागे आणि कागदावर चढताना कपडे बदलावे लागत.

एक उदाहरण देतो. कोल्हापूरच्या बायका ‘मी जेवलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्या-मुंबईला त्याचं हसं होतं. इथली पोरगी लग्न होऊन पुण्याला जाते आणि महिनाभरात ‘मी जेवले’, ‘मी जाते’ शिकते, कारण सासरी, सोसायटीत, ऑफिसात लोक हसतात. जुन्या काळी तिनं आईला पत्र लिहिलं असतं तर त्यातही ‘मी जेवले’ असंच आलं असतं, शाळेत तसंच शिकवलेलं. पण आईचा फोन आला की बघा. ती गॅलरीत जाते, आवाज चढतो, आणि म्हणते, ‘व्हय गं आई, जेवलो की मगाशीच!’ त्या दोन मिनिटांत ती मुरगूडची असते. फोन नसता तर ती बोली तिच्या तोंडातनं दोन वर्षांत गेली असती. बोलीभाषा वाचवा म्हणून परिसंवाद होतात. त्या परिसंवादांपेक्षा जास्त काम या गॅलऱ्यांनी केलंय.

वॉल्टर ऑंग नावाच्या अभ्यासकानं १९८२ मध्ये ‘दुय्यम मौखिकता’ असा विचार मांडला, म्हणजे छपाईच्या युगानंतर यंत्रावरून परत आलेलं बोलणं. विचार महत्त्वाचा आहे. पण आपल्या आज्यांच्या बाबतीत तो नेमका लागू पडत नाही. त्यांच्या आयुष्यात मधला छपाईचा टप्पा आलाच नव्हता. त्या सरळ ओसरीवरनं फोनवर गेल्या. आणि आता व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवतात, ‘ऐक रं बाळा’ अशी सुरुवात करून. त्यात मायना नाही. गुडघा आहे, म्हैस आहे, सून पण आहे. (हशा) चाळीस वर्षांपूर्वी आम्ही जे ‘बाकी सर्व ठीक’मध्ये गुंडाळलं, ते आता न गाळता मुंबईला पोचतं.

मग फोननं काही घेतलंच नाही का? घेतलं. मयताचा सांगावा घेतला.

आपल्याकडं मरणाची बातमी सांगायची एक रीत होती. लांब असेल तर कार्ड, कोपरा फाडलेलं, वाचून झालं की घरात न ठेवता फाडून टाकायचं. जवळ असेल तर माणूस जायचा, सायकलनं नाहीतर एसटीनं. तो दारात चप्पल काढायचा, पाणी प्यायचा, आणि ‘गेला’ असं म्हणायचा नाही. ‘आबा जास्त हाईत, तुमाला बोलवलंय.’ लेकीला ते कळायचं. पण वाटेत, एसटीत, ती हळूहळू तयार व्हायची. शेजारी सांगावा घेऊन आलेला माणूस बसलेला असायचा. खोटं होतं, पण ते खोटं एका माणसानं स्वतःच्या अंगावर घेतलेलं असायचं. आता ‘माती किती वाजता?’ हे गटावर येतं, फोटोसकट, खाली शंभर जणांचे हात जोडलेले. लेकीला आपला बाप गेल्याचं कधी कधी गावच्या गटावर आधी कळतं आणि भावाचा फोन नंतर येतो. आम्ही हे एका घरात बघितलंय. तिला तोंडपाणी द्यायला जवळ कुणी नव्हतं. पत्राचं कौतुक करणाऱ्यांनी खरं तर सांगावा घेऊन जाणाऱ्या या माणसाबद्दल लिहायला पाहिजे. तो परत आणता येईल. निदान एवढं तरी करता येईल, की गटावर टाकायच्या आधी लेकीबाळींना कळलं का हे कुणीतरी विचारावं.

आता शेवटचा भाग, आणि इथं आम्हाला स्वतःबद्दल बोलायचं आहे.

पत्राला कारण लागायचं: ‘पत्रास कारण की’. तारेला, ट्रंक कॉलला तर फारच मोठं कारण लागायचं. मोबाइलचे दर पडले, २००३ पासून येणाऱ्या कॉलचे पैसे लागेनासे झाले, आणि आपल्या बोलण्यात एक वाक्य आलं: ‘काय न्हाई, सहज केलता.’ आमच्या मते टेलिफोनच्या सगळ्या इतिहासात याएवढा मोठा बदल नाही. विनाकारण बोलणं लांबच्या माणसाशी पहिल्यांदाच शक्य झालं. क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या टेलिफोनचा इतिहास १९९२ मध्ये लिहिला. त्यात दाखवलंय की सुरुवातीला तिथल्या कंपन्यांनाच बायकांच्या गप्पा नको होत्या, फोन धंद्यासाठी आहे असं त्यांचं म्हणणं. शेतावर एकट्या पडलेल्या बायकांनी ते जुमानलं नाही. म्हणजे ‘सहज’वरनं भांडण तिकडंही झालं.

आपल्याकडं पुरुषाचा सहज फोन चालतो. चावडीत बसून तो तासभर बोलेल. कारखान्याच्या चिटबॉयला तोड कधी येणार म्हणून फोन करील आणि निवडणुकीवर पोचेल. सुनेनं माहेरी सहज फोन केला की म्हणतात, आईच्या सांगण्यावरनं वागती. संसार मोबाइलमुळं मोडतात, हे वाक्य आम्ही बैठकांतनं इतक्यांदा ऐकलंय की ते खरं आहे का हे विचारायचं सुचतच नाही.

मागच्या वर्षी अशाच एका बैठकीला आम्हाला बोलावलं. गाव सांगत नाही, घर सांगत नाही. दोन्हीकडची माणसं, मधे आम्ही चार-पाच ‘समजूतदार’. तक्रार अशी की सून रोज दुपारी आईशी अर्धा तास बोलते. तोडगा निघाला: फोन सासूकडं राहील, रविवारी दहा मिनिटं बोलायचं, समोर. सगळ्यांनी माना हलवल्या. आम्हीही हलवली. पत्रांवर, संवादावर व्याख्यानं देणारी माणसं आम्ही. ती पोरगी एकदाच बोलली. म्हणाली, ‘दुपारी घरात कोण नसतंय.’ एवढंच. त्याचा अर्थ आम्ही तेव्हा असा घेतला की घरात कुणी नसताना चोरून बोलते. घरी येईपर्यंत कळलं, ती सांगत होती की दुपारी ती एकटी असते.

आम्ही तिला पुन्हा किराणा दुकानातल्या फोनवर नेऊन उभं केलं. गुळाच्या गिऱ्हाइकाच्या जागी सासू.

कुणी म्हणेल, म्हणजे फोनवर काही बंधनच नको का? तसं नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद ठेवायचे असा गावानं ठराव केला. पोरांनी अभ्यास करावा, माणसांनी बोलावं म्हणून. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात बांशी गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल नको असं ठरवलं. बांशीच्या ठरावाबद्दल आम्हाला शंका आहेत, कारण नियम करणारे सगळे त्या नियमाच्या बाहेर आहेत. वडगावचा भोंगा पटतो. तो वाजला की सरपंचानं पण फोन ठेवायचा, सासऱ्यानं पण. आमच्या बैठकीत भोंगा एकीसाठीच वाजला. आमचे पाचही जणांचे फोन त्या वेळी समोर सतरंजीवर होते, आणि मधेच दोघांचे वाजले. ते उठून बाहेर जाऊन बोलून आले.

आम्ही त्या घरी परत गेलेलो नाही. लाज वाटत होती, आणि दुसऱ्याच्या घरात दोनदा कसं जायचं हाही प्रश्न होता. या व्याख्यानाची तयारी करताना सगळी टिपणं काढली, सनावळ्या जमवल्या, आणि दर वेळी ती सतरंजी आडवी येत होती. बैठकीतल्या बाकी चौघांपैकी दोघं आज इथं बसलेत. त्यांच्याशी बोलणं झालंय. येत्या रविवारी आम्ही तिघं जाणार आहोत. तोडगा आम्ही दिला होता, तो चुकला, फोन तिचा तिला द्या, एवढंच सांगायचं आहे. ऐकतील का माहीत नाही. पाणी पिऊन, पीकपाण्याचं बोलून, मग उठता उठता नव्हे, तर आधीच सांगायचं असं ठरवलंय.